अठरा मिलिसेकंदांत दुसऱ्यांदा दाबणारे बोट

दिनांक : शनिवार, ८ ऑगस्ट

प्रति,
मा. अधीक्षक,
शस्त्रक्रिया प्रतीक्षायादी कक्ष,
तळमजला, मुख्य रुग्णालय.

विषय : खिडकी क्र. ३ वरील माउस (जडसंग्रह क्र. ११७/४) सदोष असल्याचे एका ओळीचे प्रमाणपत्र सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले ज्ञापन दि. ९ एप्रिल (माउसची जागा बदलल्याबद्दल). २) आपला आदेश दि. २८ एप्रिल (कीबोर्डने माउसचे काम केल्याबद्दल). ३) बोट चौकशी समितीचा अहवाल दि. ३० जुलै. ४) आपला आदेश दि. ५ ऑगस्ट. ५) आपले तोंडी बोलणे, गुरुवार दि. ६ ऑगस्ट, सकाळी पावणेअकरा. ऐकणारे अंदाजे चाळीस.

महोदय,

१. अर्जदार या कक्षात एकोणीस वर्षे लिपिक असून हृदयाच्या शस्त्रक्रियांची यादी तिच्याकडे आहे. काम आपल्याला ठाऊक आहे, तरी हा कागद उद्या आणखी कोणाच्या हाती पडेल म्हणून ती सांगते. खिडकीवर माणूस येतो. अर्जदार पडद्यावरच्या यादीत त्याचे नाव शोधते आणि नावावर एकदा क्लिक करते. नाव उघडते, ती त्याला क्रमांक आणि तारीख सांगते. नावावर लागोपाठ दोनदा क्लिक झाले तर ते नाव ‘निकाली’ निघते, म्हणजे शस्त्रक्रिया झाली असे धरून यादीतून जाते आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात. पूर्वी मध्ये ‘खरेच काढायचे का?’ अशी चौकट यायची. आपण रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती चौकट काढायला लावलीत, कारण तिच्यामुळे दिवसाचा निकालींचा आकडा कमी भरत होता. चौकट गेली, आकडा वाढला, आपला सत्कार झाला. त्या सत्कारात अर्जदाराने टाळ्या वाजवल्या होत्या. ही चूक तिची स्वतःची आहे आणि ती ती कबूल करते.

२. दि. १ एप्रिल रोजी खिडकीवर शिंपी आला. हा शिंपी बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर मशीन टाकून बसायचा. त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. चौदा महिने तो रांगेत होता आणि घासत घासत नवव्या क्रमांकावर आला होता. दर पंधरा दिवसांनी यायचा, ओठ निळे, धाप लागलेली, आणि विचारायचा, “ताई, नवाचा आठ झाला का?” त्या दिवशी अर्जदाराला त्याचे नाव यादीत सापडेना. शेवटी ते निकालींमध्ये सापडले : ‘शस्त्रक्रिया पूर्ण, २४ मार्च.’ अर्जदाराने ते त्याला वाचून दाखवले. त्याने शर्टाची बटणे सोडली, छाती काचेला लावली आणि म्हणाला, “कुठे केली ताई? मला टाका दिसत नाही. आणि टाका मला ओळखता येतो.”

रांगेतले लोक हसले. अर्जदारही हसली. हेही ती कबूल करते.

३. त्या संध्याकाळपर्यंत अर्जदाराने चौकट निघाल्यापासूनचे, म्हणजे फेब्रुवारी अखेरपासूनचे सगळे निकाली ताडून पाहिले. शस्त्रक्रिया न होताच निकाली निघालेली नावे सहा भरली : शिंपी, बेकरीत भट्टीवर काम करणारा एक गृहस्थ, क्रेन चालवून निवृत्त झालेले एक आजोबा, एक सुईण, एक लाकूडकापे आणि अकरा वर्षांची एक मुलगी, जिच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. सहाही नावे अर्जदाराच्या खिडकीवरून, अर्जदाराच्या माउसने, अर्जदाराच्या बोटाखाली गेली. आणि सहाही वेळा अर्जदाराने एकदाच दाबले होते.

४. अर्जदाराने त्याच दिवशी आपल्याला सांगितले. आपण मान वर न करता म्हणालात, “बाई, माउसला काय डोकं असतं का? दाबणारं कोण?” आणि तंत्रज्ञाला पाठवून दिलेत.

या तंत्रज्ञाला अख्खे रुग्णालय ‘रिस्टार्ट’ म्हणते. तो आला आणि त्याने रिस्टार्ट केले. मग माउस उलटा करून पोटावर फुंकर मारली, स्पिरिटने पुसला, वायर एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि पुन्हा रिस्टार्ट केले. शेवटी म्हणाला, “बाई, ही लिनक्स आहे. फुकटची आहे. फुकटच्या गोष्टीत एवढं तेवढं चालायचंच.” अर्जदाराने विचारले की फुकटची असली तरी ती शेजारच्या खिडकी दोनवर नीट कशी चालते? तो म्हणाला, “त्यांचा हात हलका आहे.”

५. अर्जदार दहावीपर्यंत शिकलेली आहे. संगणक तिला कोणी शिकवलेला नाही. पण आपले संगणक चालवणाऱ्या या लिनक्स यंत्रणेची एक चांगली सवय आहे : प्रत्येक आज्ञेची माहिती तिने आपल्या पोटातच लिहून ठेवलेली असते, विचारले की पडद्यावर उघडते. अर्जदाराने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला, शब्दकोश घेतला आणि ती माहिती वाचली. वाचायला चार दिवस लागले. त्यात तिला एक आज्ञा सापडली, एक्सेव्ह नावाची. ती दिली की एक कोरी खिडकी उघडते आणि त्या खिडकीत बटण कधी दाबले, कधी सोडले, याची नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत पडत जाते. त्या भागाला मिलिसेकंद म्हणतात.

अर्जदाराने कोऱ्या खिडकीत पाचशे वेळा बटण दाबले. सुटी संपली म्हणून पाचशेवर थांबली. पाचशेतल्या तीन वेळा नोंद अशी पडली : दाबले, सोडले, दाबले, सोडले. बोट एकदाच खाली गेले होते. सोडणे आणि पुन्हा दाबणे यांत अंतर अठरा मिलिसेकंद. महोदय, अठरा मिलिसेकंदांत माणसाची पापणीसुद्धा पुरती मिटत नाही. ज्या बाईला सांधेदुखीमुळे जिऱ्याच्या डब्याचे झाकण उघडत नाही, ती एका पापणीच्या आत दोनदा दाबते असे आपले म्हणणे आहे.

बटणाच्या आत पितळेची एक बारीक पट्टी असते. ती झिजली की दाबल्यावर थरथरते, आणि यंत्राला ती थरथर दुसरा दाब वाटते. आजार एवढाच आहे. या आजारावर यंत्रणेत इलाज आहे, तोही अर्जदाराने वाचला. दोन दाबांमधले किती अंतर ‘दुहेरी’ धरायचे ते कमी करता येते. ते तिने कमीत कमी केले. पण कमीत कमी शंभर मिलिसेकंद चालते, आणि माउस अठरातच उरकतो. दुसरा इलाज म्हणजे असा खोटा दाब गाळायला यंत्रणेला सांगणे. त्यासाठी सेटिंगच्या फायलीत थोडे लिहावे लागते आणि ते लिहायला मुख्य पासवर्ड लागतो. तो पासवर्ड लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात आपल्या कपाटात आहे. अर्जदाराने लिफाफा मागितला. आपण म्हणालात, “तो लिफाफा आपत्तीसाठी आहे, बाई.” तेव्हा शिंपी कक्षाबाहेरच्या बाकावर बसलेला होता. दारातून दिसत होता.

६. तरीही दोष माउसचा की यंत्राचा, अशी शंका कोणाला राहू नये म्हणून अर्जदाराने खिडकी दोनचा माउस आपल्या यंत्राला लावला आणि आपला तिकडे लावला. खिडकी तीन सुधारली. खिडकी दोन बिघडली. हलका हात तिथेच बसला होता. पुन्हा अदलाबदल केली, आजार माउसबरोबर परत आला. हे शेंबडे पोरही समजेल असे सिद्ध झाले. त्याचे बक्षीस म्हणून दि. ९ एप्रिलचे ज्ञापन मिळाले : ‘जडसंग्रहातील वस्तूचे अनधिकृत स्थलांतर.’ वस्तू अडीच फूट हलली होती आणि परत आली होती.

नवा माउस मागितला तर भांडारपालांनी नोंदवही उघडून दाखवली. माउसची स्वतंत्र नोंद नाही. पडदा, यंत्र, कीबोर्ड आणि माउस मिळून एक संच, सात वर्षांचा. ते म्हणाले, “हा संसार आहे बाई. एकाला टाकायचं तर चौघांना टाका, आणि चौघांना टाकायला अजून दोन वर्षं आहेत.” शिपाईमामांनी आपल्या घरचा माउस पिशवीतून आणून दिला, तर ‘बाहेरचे उपकरण’ म्हणून तो जप्त झाला. तो आज आपल्या टेबलावर आहे. आपण तो वापरता. तो चांगला चालतो असे मामा सांगतात.

७. मग अर्जदाराने शेवटचा उपाय काढला. या यंत्रणेत कीबोर्डावरच्या आकड्यांनी पडद्यावरचा बाण हलवायची सोय असते. चारने डावीकडे, सहाने उजवीकडे, आठने वर, दोनने खाली, आणि मधला पाच दाबला की एक क्लिक. ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी ही सोय केलेली आहे. अर्जदाराने माउस खणात ठेवून दिला आणि दि. १० ते २८ एप्रिल सगळे काम आकड्यांनी केले. बाण गोगलगायीसारखा सरकायचा. रांग दारापर्यंत जायची आणि लोक म्हणायचे, “बाई, पोहोचला का बाण? की आम्ही जाऊन आणू?” पण या अडीच आठवड्यांत एकही नाव चुकून निकाली निघाले नाही. एकही नाही. ही नोंद आपल्या स्वतःच्या मासिक अहवालात आहे, पान सहा, तळाची ओळ. त्या ओळीवर आपण लाल पेनाने लिहिले आहे : ‘निकाली कमी का?’

दि. २८ एप्रिलला आदेश आला. ‘माउस उपलब्ध असताना कीबोर्डने माउसचे काम करणे हा साधनसामग्रीचा गैरवापर आहे.’ अर्जदाराला खिडकीवरून उठवून अभिलेख खोलीत बसवले आणि तिच्या बोटाची चौकशी लावली.

८. आता मुद्द्याचे. प्रतीक्षायादीच्या नियम चौदाप्रमाणे उपकरणाच्या दोषामुळे नाव निकाली निघाले असेल, तर अधीक्षकांच्या एका ओळीच्या प्रमाणपत्रावर रुग्णाला त्याचा मूळ क्रमांक परत मिळतो. कर्मचाऱ्याच्या चुकीने निघाले असेल तर रुग्णाने नव्याने नोंद करावी. म्हणजे माउस खराब असेल तर शिंपी नववा. बोट खराब असेल तर शिंपी सहाशे बारावा.

आपण बोट ठरवले. कारण माउस ठरवला असता, तर एका दाबाने माणूस यादीतून जातोच कसा, मधली चौकट कुठे गेली, हे कोणीतरी विचारले असते.

दि. १६ एप्रिलला नववा क्रमांक पुकारला गेला. त्या जागी सरकलेल्या बाईंची शस्त्रक्रिया झाली, छान झाली, आठव्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. अर्जदाराची त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांना माहीतही नाही.

९. बोट चौकशी समितीत आपण, भांडारपाल आणि हाडांचे डॉक्टर असे तीन सदस्य होते. समितीची पहिली बैठक मेमध्ये झाली. अर्जदाराने टेबलावर उजव्या हाताची तर्जनी शंभर वेळा आपटावी आणि भांडारपालांनी मोजावे असे ठरले. त्रेसष्टवर चहा आला आणि भांडारपाल आकडा विसरले. पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्या बैठकीत बोटाचे एक्स-रे काढले, पुढून आणि बाजूने. हाडांचे डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी लिहून दिले : ‘बोट निर्दोष. एका वेळी एकदाच दाबते.’ सही करताना ते अर्जदाराला हळूच म्हणाले, “मी आजवर असलं काही लिहिलं नव्हतं. माझ्या नातवंडांना सांगू नका.” अर्जदाराला वाटले, सुटले.

दुसरी आणि तिसरी बैठक यांच्यामध्ये, दि. १९ जूनला, शिंपी गेला. आपल्या मशीनवर बसल्या बसल्या गेला. हातातला सदरा कोणा गिऱ्हाइकाचा होता, त्याची एक बाही लागायची राहिली होती. त्याची बायको सदरा तसाच घेऊन आमच्या खिडकीवर आली. अर्जदार अभिलेख खोलीत होती, म्हणून मामांनी बोलावून आणले. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, ते सांगायचे की तुमच्याकडे त्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून लिहिलंय. तेवढं खोडून द्या. झालं असतं तर मेले नसते, असं मला लोकांना सांगायचंय.”

अर्जदाराला खोडता आले नाही. निकाली निघालेली नोंद खोडता येत नाही. शिंप्याची शस्त्रक्रिया आजही पूर्ण आहे, २४ मार्च, आणि आपल्या निकालींच्या आकड्यात तो एक धरलेला आहे.

१०. तिसऱ्या बैठकीचा निष्कर्ष अहवालात आहे, तो अर्जदार जसाच्या तसा देते, कारण स्वतःच्या शब्दांत सांगितला तर कोणाला खोटे वाटेल : ‘बोट निर्दोष असले तरी बोट चालवणारी व्यक्ती निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. सबब बोटास पट्टी बांधावी.’

दि. ४ ऑगस्टपासून अर्जदार खिडकीवर परत आहे. बोटाला दोन्ही बाजूंनी लाकडी चिपा आणि वर बँडेज. ते वाकत नाही, म्हणून माउसचे बटण दाबायला अख्खा पंजा खाली आणावा लागतो, माशी मारल्यासारखा. काचेपलीकडची लहान मुले खिदळतात. माणसे विचारतात, “बाई, दारात सापडलं का बोट?” अर्जदार हो म्हणते. समितीत सापडले असे सांगितले तर रांग अडते.

जवळजवळ चार महिने खणात पडून माउसचा आजार वाढला आहे. दि. ४ ऑगस्टला, पहिले नाव उघडण्याआधी, अर्जदाराने पुन्हा कोऱ्या खिडकीत मोजले. एकशे दहा दाब, त्यांत दुहेरी दहा. अकरांत एक. पाचशेतल्या तिनाने सहा नावे खाल्ली. अकरातला एक काय खाईल याचा विचार करून अर्जदाराने तेव्हापासून एकही नाव उघडले नाही, सगळ्यांना खिडकी दोनवर पाठवले. खिडकी दोन तिच्या नावाने बोटे मोडत होती.

११. त्यावर आपला ५ ऑगस्टचा आदेश. तो पाठ झाला आहे. ‘काम नाकारणे सहन केले जाणार नाही. लिपिकाने सोमवार दि. १० ऑगस्टपासून, पुढील आठवड्यात शस्त्रक्रिया असलेल्या रुग्णांपासून सुरुवात करून, यादीच्या क्रमाने प्रत्येक नाव स्वतः, नेमून दिलेल्या माउसनेच, खिडकी तीनवरूनच उघडावे. माउस सुस्थितीत आहे.’

आदेश देताना आपण यादी पाहिली नव्हती, असे दिसते. पुढील आठवड्याच्या यादीत पहिले नाव आपल्या मातोश्रींचे आहे.

१२. हे आपल्या लक्षात आले ते गुरुवारी. पावणेअकराला आपण मातोश्रींना चाकाच्या खुर्चीतून घेऊन स्वतः खिडकीवर आलात. एकोणीस वर्षांत कोणी अधीक्षक काचेच्या त्या बाजूला उभे राहिलेले अर्जदाराने पाहिले नव्हते. आपण वाकलात आणि काचेच्या भोकाशी तोंड नेऊन म्हणालात, “बाई, सोमवारी आईचं नाव त्या माउसने उघडू नका हं. मी दोन नंबरवर सांगून ठेवतो, तिकडे जाऊन उघडा.”

भोक लोकांचा आवाज आत यावा म्हणून केलेले आहे, पण ते दोन्हीकडे चालते. रांगेतल्या चाळीस जणांनी ऐकले. बेकरीवाले त्या रांगेत होते, नव्या नोंदीचा क्रमांक विचारायला आलेले. त्यांच्यासमोर एकजण म्हणाला, “घ्या! म्हणजे साहेबांना ठाऊक आहे.” आपण मागे वळून पाहिले नाहीत.

मातोश्रींनीही ऐकले. त्यांच्या छातीत बिघाड आहे, कानात नाही.

१३. काल, शुक्रवारी, त्या एकट्या आल्या. वॉर्डातल्या मावशींना गोड बोलून त्यांनी खुर्ची खिडकीपर्यंत ढकलून घेतली. म्हणाल्या, “बाई, ते बोट का बांधलंय? आणि माझा मुलगा काल कुठल्या माउसबद्दल बोलत होता?” अर्जदार म्हणाली की कार्यालयीन बाब आहे. त्या म्हणाल्या, “मी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या फळ्यावर काढली. एक खुंटी ढिली झाली की अख्ख्या गावाची बोलणी भलत्याच घरात जायची. आम्ही आधी खुंटी बदलायचो, मुलींची बोटं नाही बांधायचो. सांगा तुम्ही.”

अर्जदाराने सांगितले. पहिल्यापासून, वरच्या क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, “मग त्या शिंप्याचं काय झालं?” अर्जदार म्हणाली, गेला. त्या बराच वेळ काचेवरच्या एका डागाकडे पाहत राहिल्या. छाती काचेला टेकली होती त्या जागेचा तो डाग नव्हे, काच रोज पुसतात. पण अर्जदारही तिथेच पाहत होती. मग त्या म्हणाल्या, “बाकीचे पाच जिवंत आहेत ना?” अर्जदार म्हणाली, आजच्या दिवशी आहेत. त्यांनी एक कागद मागितला.

१४. आता विनंती.

शिंप्याचे काही करता येणार नाही. उरलेले पाच आहेत, त्यांच्यासाठी एक ओळ हवी : ‘खिडकी क्र. ३ वरील माउस सदोष असून सहा नावे उपकरणाच्या दोषामुळे निकाली निघाली आहेत.’ खाली आपली सही. ती मिळाली की भट्टीवाले, क्रेनवाले आजोबा, सुईण, लाकूडकापे आणि ती मुलगी सोमवारीच आपापल्या जागी परत येतील. मुलगी तिसऱ्या क्रमांकावर होती. आज ती पाचशे अठ्ठ्याण्णववर आहे. तिला हे सगळे कळते, ती वहीत आपला क्रमांक रोज लिहून ठेवते.

तोंडी सूचना अर्जदार पाळणार नाही. आपणच शिकवले आहे की कार्यालय कागदावर चालते. कागदावर आपला आदेश आहे की माउस सुस्थितीत आहे, नाव त्याच माउसने उघडायचे, दुसऱ्या खिडकीवर जायचे नाही, दुसरा माउस लावायचा नाही, आकडे वापरायचे नाहीत. तेव्हा सोमवारी साडेदहापर्यंत ती ओळ आली नाही, तर अर्जदार आदेशाप्रमाणे यादीतले पहिले नाव शोधेल, पट्टी बांधलेले बोट त्यावर आणेल आणि दाबेल. एकदा. त्यापुढचे अठरा मिलिसेकंद माउसचे आणि आपले. नाव निकाली निघाले तर परत कसे आणायचे ते नियम चौदात आहेच. कर्मचाऱ्याची चूक धरली तर मातोश्रींना नव्याने नोंद करता येईल. नोंदणी खिडकी पाचवर, वेळ नऊ ते अकरा, काल संध्याकाळी शेवटचा क्रमांक सहाशे चाळीस होता.

हे धमकीसारखे वाटले तर अर्जदाराचा नाइलाज आहे. हा आपलाच आदेश आहे, अर्जदार फक्त मोठ्याने वाचते आहे. तिचा आपल्या मातोश्रींवर राग नाही. शिंप्यावरही नव्हता.

आपल्या प्रत्येक लेखी शब्दाला बांधलेली,
(बोटाला पट्टी असल्याने सही डाव्या हाताची, वाकडी आली आहे.)
लिपिक, खिडकी क्र. ३

सोबत :

१. एक्सेव्ह आज्ञेच्या नोंदी, एप्रिलच्या आणि ४ ऑगस्टच्या, एकूण एक्केचाळीस पाने. दुहेरी दाब पेन्सिलीने अधोरेखित.

२. बोटाचे एक्स-रे, पुढून व बाजूने.

३. हाडांच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र.

४. मासिक अहवाल, पान सहा, लाल शेऱ्यासह.

५. गुरुवारच्या रांगेतल्या एकतीस जणांच्या सह्या. नऊ जण सही करायला घाबरले, त्यांना त्यांची नावे यादीत ठेवायची आहेत.

६. टंकलेला कागद एक. ओळ वर दिल्याप्रमाणे टाइप केलेली आहे, आपल्याला फक्त सही करायची आहे. पेन टाचणीने लावले आहे.

७. आपल्या मातोश्रींचे पत्र, त्यांच्या अक्षरात, एक पान. मूळ प्रत अर्जदाराकडे सुरक्षित आहे. नक्कल :

‘माझा मुलगा या कक्षाचा अधीक्षक आहे. माउस चांगला आहे असे त्याने लिहून दिले आहे. मी त्याला लहानपणी एवढे एकच शिकवले होते, की खोटे बोलावे लागले तर बोल, पण लिहू नकोस. म्हणून सोमवारी माझे नाव त्याच माउसने उघडावे. त्याने तोंडी काही वेगळे सांगितले असेल तर ते धरू नये. — आई.’